उधारीचा भार कोणी वाहायचा? बांगलादेशच्या 'आरोंग'चा धडा

कारागीर गरीब का राहतो, या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेले उत्तर आहे : मालाला भाव मिळत नाही. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. मालेगाव-भिवंडीचा मागवाला असो, मुंबईत जरीकाम करणारा असो, धारावीत चामड्याच्या पिशव्या शिवणारा असो, त्याच्याजवळ घटकाभर बसलात तर भावापेक्षा दुसरीच तक्रार अधिक ऐकू येईल. माल आज उचलला, पैसे ईदनंतर. ईद झाली, आता लग्नसराई होऊ द्या. लग्नसराई संपली, तर पावसाळ्यात बाजार थंड असतो, थोडे थांबा! भाव ठरलेला असतो, मालही पसंत असतो, फक्त रक्कम हातात येत नाही.

ही तक्रार आपल्याच गल्लीतली नाही. जगातील गरिबीचा प्रश्न जिथे जिथे हातकामाशी जोडलेला आहे तिथे तिथे ती ऐकू येते. बांगलादेशात या एका तक्रारीतून एक मोठा व्यवसाय उभा राहिला. त्याची हकीकत व्यापारी आणि कारागीर या दोघांनीही समजून घेण्यासारखी आहे.

गेल्या काही वर्षांत 'सामाजिक उद्योजकता' हा शब्द वर्तमानपत्रांतून, परिसंवादांतून फार ऐकू येतो. शब्द भारी असल्यामुळे पुष्कळांना वाटते की ही शिकल्या-सवरलेल्यांची गोष्ट, आपल्या दुकानाशी तिचा काय संबंध? वास्तविक अर्थ सोपा आहे. दान दिले की ते एकदाच कामी येते, पुढल्या वर्षी पुन्हा झोळी फिरवावी लागते. धंदा केला तर पैसा फिरून परत येतो, पण तो कोणाच्या भल्यासाठी फिरवायचा हे मालक ठरवतो. सामाजिक उद्योग म्हणजे समाजातील एखादी अडचण दूर करण्यासाठीच काढलेला धंदा. तो स्वतःच्या विक्रीवर जगतो आणि नफा पुन्हा त्याच कामात घालतो. यात दानाची भावना आहे, पण वही मात्र व्यापाऱ्याची आहे. वही नीट नसेल तर भावना सहा महिन्यांत आटोपते, हेही सांगून ठेवले पाहिजे.

ज्या माणसाची ही हकीकत आहे तो मूळचा वहीचाच माणूस होता. फजले हसन आबेद यांचा जन्म १९३६ साली, सिल्हेट भागातील बानियाचंग या गावी. ग्लासगोला ते जहाजबांधणीचे शास्त्र शिकायला गेले, मध्येच ते सोडून लंडनला हिशेबशास्त्राकडे वळले आणि पुढे चितगाव येथे शेल तेल कंपनीत वित्त विभागाचे प्रमुख झाले. चांगली नोकरी, मोठा बंगला, सारे काही होते. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला बेटाच्या परिसरात महाभयंकर चक्रीवादळ आले आणि लाखो माणसे प्राणास मुकली. आबेद आणि त्यांचे मित्र मदत घेऊन मनपुरा बेटावर गेले. पुढल्याच वर्षी युद्ध झाले, देश स्वतंत्र झाला, भारतात गेलेले निर्वासित उजाड गावांकडे परतू लागले. आबेद यांनी लंडनमधील आपली सदनिका ६,८०० पौंडांना विकली आणि १९७२ च्या आरंभी सुनामगंज भागातील शाल्ला या दुर्गम ठिकाणी काम सुरू केले. घरांसाठी बांबू, कोळ्यांसाठी होड्या, जाळ्यांसाठी नायलॉनचा दोरा. या कामातून जी संस्था निर्माण झाली ती 'ब्रॅक'. आज तिची गणना जगातील सर्वांत मोठ्या स्वयंसेवी संस्थांत होते आणि आशिया व आफ्रिकेतील दहाहून अधिक देशांत तिचे काम चालते. आबेद यांचे २० डिसेंबर २०१९ रोजी ढाक्यात निधन झाले.

सुरुवातीला त्यांची समजूत अशी होती की गाव म्हणजे एक कुटुंब. सर्वांना बरोबर घेतले की सर्वांचे भले होईल. चार-पाच वर्षांत अनुभव निराळा आला. जे काही गावात येई ते गावातील वजनदार मंडळींच्या अंगणात जाऊन थांबे. १९८० साली ब्रॅकने 'द नेट' म्हणजे 'जाळे' या नावाचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सरकारी मदतीचा माल दहा खेड्यांत कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला, याचा त्यात माग काढला होता. त्याच्या आधीच, १९७६ च्या सुमारास, संस्थेने आपली दिशा बदलली होती आणि भूमिहीन, मजूर व त्यांच्या घरातील स्त्रिया यांचे वेगळे गट बांधायला घेतले होते. आमच्या मते ब्रॅकच्या पुढच्या साऱ्या यशाचे मूळ इथे आहे. पैसा कुठे अडतो ते आधी पाहायचे आणि त्या जागेवर बोट ठेवायचे.

माणिकगंजचे रेशीम

ढाक्याच्या पश्चिमेला माणिकगंज जिल्हा आहे. तिथल्या गरीब स्त्रियांना हाताला काम हवे होते. ब्रॅकने त्यांना रेशमाच्या कामाला लावले. स्त्रियांनी माल तयार केला आणि तो ढाक्यातील मोजक्या दुकानांत पाठवण्यात येऊ लागला. माल चांगला होता आणि दुकानदारांनी तो घेतलाही. पण पैसे यायला आठवडे लागत, कधी महिने. दुकानात माल विकला जाईल तेव्हा पैसे, हा तिथलाही रिवाज होता.

दुकानदाराच्या बाजूने पाहिले तर त्यात त्याला काही चुकीचे वाटत नसणार. भाडे तो देतो, नोकराचा पगार तो देतो. न विकलेल्या मालाचे पैसे आधी कशाला द्यायचे? पण त्या बाईच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. आकडे आम्ही समजण्यापुरते घेत आहोत. समजा, एका खेपेला हजार रुपयांचे सूत लागते, काम दहा दिवसांचे आहे आणि माल चौदाशेला जातो. म्हणजे दहा दिवसांची कमाई चारशे. माल देताच पैसे मिळाले तर त्याच हजार रुपयांवर ती महिन्यात तीन खेपा करील आणि बाराशे मिळवील. आता पैसे साठ दिवसांनी मिळतात असे धरा. पहिले चौदाशे हातात येतील सत्तराव्या दिवशी. तोपर्यंत हात चालू ठेवायचा तर तिला सात वेळा सूत घ्यावे लागेल, म्हणजे सात हजार रुपये गुंतवावे लागतील. शिवाय सत्तर दिवस चूल पेटवायची आहे ती वेगळीच. ज्या घरात सातशे रुपये नाहीत तिथे सात हजार कोठून येणार? मग दोन वाटा राहतात. एक, हात बांधून बसणे. दुसरी, सावकाराकडे जाणे. महिन्याला शेकडा पाच टक्क्यांनी हजार रुपये सत्तर दिवसांसाठी काढले तर व्याजापोटी सुमारे एकशे सतरा रुपये जातात. चारशेचे उरले दोनशे त्र्याऐंशी. भाव एका पैशाने कमी झालेला नाही, तरी कमाईचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग उडाला!

तेव्हा केवळ भाव वाढवून हा रोग बरा होत नाही. उलट अनेकदा असे होते की ज्याच्याकडे सर्वांत कमी भांडवल आहे तोच दुकानदाराला बिनव्याजी भांडवल पुरवत असतो. कारागीर गिऱ्हाइकाची वाट पाहतो, आणि वाट पाहण्याचा खर्च त्याच्या माथी बसतो.

ब्रॅकने १९७८ साली ढाक्यात स्वतःचे दुकान काढले ते या एका कारणासाठी, माल हातात येताच स्त्रियांना पैसे देता यावेत म्हणून. दुकानाचे नाव ठेवले 'आरोंग'. बंगालीत या शब्दाचा अर्थ गावचा बाजार किंवा जत्रा.

या नावाला जुना, कडू इतिहासही आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत हाच शब्द 'औरंग' असा येतो. विणकरांकडून कापड गोळा करण्याची कंपनीची ठाणी म्हणजे औरंग. तिथे विणकराला आगाऊ रक्कम देत. तिला 'दादनी' म्हणत. १७५३ साली कंपनीने मधले दादनी व्यापारी दूर केले आणि आपले पगारी गुमास्ते नेमले. एकदा पैसे घेतले की विणकराने दुसऱ्याला माल द्यायचा नाही, भाव गुमास्ता सांगेल तो. आपल्याकडे वीटभट्टीवर आणि ऊसतोडीत 'उचल' म्हणतात तिचीच ही थोरली बहीण. म्हणजे पैसे उशिरा देऊन कारागिराला जसे बांधता येते, तसे पैसे आधी देऊनही बांधता येते. आरोंगने यातला मधला रस्ता धरला : माल द्या, तपासून घेऊ, पैसे घ्या. बांधीलकी तेवढ्यापुरतीच.

दुकान चालले कसे?

सांगायला हे सोपे आहे. पण वाट पाहण्याचा भार कारागिराच्या डोक्यावरून काढला तर तो जातो कोठे? हवेत विरून जात नाही. मालाचा गठ्ठा गोदामात पडून राहणारच. तो भार दुकानाने उचलला. आरोंगच्या मागे ब्रॅक होती, आणि ब्रॅकच्या मागे त्या काळी परदेशी देणगीदारांचा पैसा होता. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. देणगीच्या आधाराशिवाय पहिली काही वर्षे निभावली नसती असे आम्हाला वाटते. मात्र देणगीचा पैसा कोठे लावला हे महत्त्वाचे आहे. तो वाटून टाकला नाही, खेळते भांडवल म्हणून लावला. त्यामुळे तो फिरत राहिला.

दुसरी गोष्ट, आरोंगने घाऊक व्यापाऱ्यांच्या मागे न लागता स्वतःची किरकोळ दुकाने थाटली. किरकोळ गिऱ्हाईक पैसे देऊन वस्तू नेते. रोखीने घ्यायचे असेल तर रोखीनेच विकले पाहिजे, हे हिशेबनीस आबेद यांना कोणी शिकवावे लागले नसेल. कारागिराला रोख द्यायची आणि गिऱ्हाइकाला सहा महिन्यांची उधारी द्यायची, असा दुहेरी दानशूरपणा करणारे दुकान फार दिवस टिकत नाही.

तिसरी गोष्ट मालाची. गरीब बाईने केले आहे म्हणून घ्या, असे म्हणून एखादा सद्‍गृहस्थ एकदा घेईल, दुसऱ्यांदा घेणार नाही. आरोंगने शहरी गिऱ्हाइकाला आवडेल अशा वस्तू घडवल्या. बंगालच्या खेड्यात जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून त्यावर धावदोऱ्याने चित्रे भरायची रीत आहे. तिला 'नक्षी कांथा' म्हणतात. आपल्याकडच्या गोधडीची ती सख्खी बहीण. आयाबाया ती घरासाठी करीत, विकत नसत. तोच टाका कुर्त्यांवर, साड्यांवर, पलंगपोसांवर आला आणि विकला जाऊ लागला. जामदानीचेही तसेच. ढाक्याची ही तलम विणकर-कला मरगळली होती. संग्रहालयांत पडलेल्या जुन्या जामदान्यांचे नमुने मिळवून ते विणकरांपुढे ठेवण्यात आले. २०१३ साली युनेस्कोने जामदानी विणण्याच्या कलेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याचे श्रेय अर्थात एकट्या आरोंगचे नव्हे. पिढ्यानपिढ्या माग न सोडणाऱ्या विणकरांचे ते आधी आहे.

चौथी गोष्ट म्हणजे कामाची जागा. आबेद यांच्या पत्नी आयेशा यांनी ब्रॅकच्या कामात मोठा वाटा उचलला होता. १९८१ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाने 'आयेशा आबेद फाउंडेशन' निघाले. त्याची केंद्रे जिल्ह्यांत आणि लहान उपकेंद्रे खेड्यांच्या जवळ आहेत. बायका चालत येतात, भरतकाम करतात, तिथेच काम तपासले जाते. ही तपासणी आम्हाला फार मोलाची वाटते. आपल्याकडे माल नापसंत झाल्याचे कारागिराला कळते ते तीन महिन्यांनी, पैसे मागायला गेल्यावर! 'तुझे सहा नग परत आले, ते कापून घेतले.' ते नग खरेच परत आले की नाही, हे त्याला कोण सांगणार? माल देताना, दोघांच्या डोळ्यांसमोर, त्याच वेळी पसंत-नापसंत ठरले तर हा तंटाच उरत नाही.

आज आरोंगच्या सांगण्यानुसार पासष्ट हजारांहून अधिक कारागीर त्याच्याशी जोडलेले आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. दुकानांचा नफा ब्रॅकच्या कामाला हातभार लावतो. याच धर्तीवर ब्रॅकने १९९८ साली दुग्धव्यवसाय काढला. कर्ज काढून गायी घेतलेल्या दूरच्या खेड्यांतील बायकांना दूध टाकायला जागा नव्हती, स्थानिक खरेदीदार पडेल भावाने घेत. दूध थंड ठेवणारी केंद्रे त्या भागात उभी केली आणि दूध शहरात आणले. साखळीत जिथे कडी तुटली असेल तेवढीच जोडायची, हे तिथेही दिसते.

मोबदला कशाचा?

ब्रॅकचे आणखी एक काम इथे सांगावेसे वाटते. ते दुकानाचे नाही, पण पैसे कशाचे द्यायचे याचा त्यात चांगला वस्तुपाठ आहे. हगवणीने बालके दगावणे हा त्या काळी साऱ्या जगापुढचा प्रश्न होता. उपाय स्वस्त होता : चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. १९८० पासून दहा वर्षे ब्रॅकच्या स्त्री-कार्यकर्त्या घरोघर जाऊन आयांना हे शिकवत होत्या. एक कोटीहून अधिक घरे त्यांनी गाठली. त्यांचा मोबदला किती घरे फिरल्या यावर नव्हता. काही दिवसांनी दुसराच माणसांचा संच चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांत जाई आणि आईला काय आठवते, सरबत बरोबर करता येते काय, ते पाही. त्यावर पैसे ठरत.

एवढे करूनही प्रथम फार थोड्या घरांत ते सरबत प्रत्यक्ष दिले जात होते. चौकशी केली तेव्हा असे निघाले की शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. मग त्यांना आधी औषधामागचे शास्त्र समजावून देण्यात आले. तसेच नुसते आयांना सांगून भागत नाही, घरातल्या पुरुषाने होकार दिला पाहिजे, हे ध्यानात येऊन बाजारांत, शाळांत आणि मशिदींत पुरुषांच्या बैठका घेण्यात आल्या. त्यानंतर वापर वाढला. आपल्याकडे किती संस्था असे तपासतात? 'अमुक हजार लोकांना लाभ' एवढे अहवालात छापले की काम झाले!

ब्रॅकमध्ये सारेच वाखाणण्यासारखे आहे असे नव्हे. आरोंगचे कपडे आता ढाक्याच्या सुखवस्तू वर्गाचे झाले आहेत, त्याचे भाव सामान्यांना परवडत नाहीत, अशी ओरड बांगलादेशात आहेच. जून २०१९ मध्ये, रमजान संपत आला असताना, ढाक्याच्या उत्तरा भागातील आरोंगच्या दुकानाला तेथील ग्राहक-हक्क खात्याने साडेचार लाख टका दंड केला होता. एकच पंजाबी कुर्ता थोड्या दिवसांच्या अंतराने जवळजवळ दुप्पट भावाने विकल्याचा ठपका होता. कारागिराशी सचोटीने वागणारे दुकान गिऱ्हाइकाशीही तसेच वागेल याची हमी केवळ 'सामाजिक' या पाटीने मिळत नाही.

आपल्या वाचकांच्या मनात आणखी एक प्रश्न येईल, तो व्याजाचा. ब्रॅकचा कर्जव्यवहार व्याजावर चालतो आणि त्यावर आपल्या दृष्टीने आक्षेप आहे. ज्यांना बिनव्याजी मार्गाचे उदाहरण हवे त्यांनी लाहोरच्या 'अखुवत' संस्थेकडे पाहावे. डॉ. मुहम्मद अमजद साकिब यांनी २००१ साली कर्जे हसनाच्या तत्त्वावर ती सुरू केली, कर्जवाटप मशिदींत आणि चर्चमध्येही होते, आणि २०२१ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोंगच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. माल मिळताच पैसे देण्यात व्याजाचा संबंधच येत नाही. उलट कारागिराला व्याजाच्या दारात जाण्याची गरज त्यामुळे कमी होते. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. व्यापारात तिचा अर्थ नेमका हाच होतो.

मुंबईतले उदाहरण

यासाठी ढाक्यापर्यंत जायलाच हवे असेही नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पुडकी झाली. हेच पुढे 'लिज्जत पापड' म्हणून घरोघर पोचलेले श्री महिला गृह उद्योग. त्यांना उसने पैसे देणाऱ्या छगनलाल पारेख यांचा, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, आग्रह असा की दान घ्यायचे नाही, धंदा म्हणून चालवायचे. तिथली रीत अशी : बाई मळलेले पीठ घरी नेते, पापड लाटून, वाळवून दुसऱ्या दिवशी आणून देते, वजन आणि प्रत पाहिली जाते आणि लाटण्याची मजुरी, जिला तिथे 'वणाई' म्हणतात, तिच्या हातात पडते. पापड बाजारात केव्हा विकला जाईल याच्याशी तिचा संबंध नाही. आरोंगच्या एकोणीस वर्षे आधी, देणगीदारांशिवाय, हेच सूत्र इथे चालू झाले होते! फरक एवढाच की पापड चार आठवड्यांत विकला जातो, भरजरी दुपट्टा दुकानात सहा महिने पडून राहू शकतो. म्हणून पापडाला ऐंशी रुपये पुरले आणि कशिद्याला पुरत नाहीत.

कायद्याचे काय? कायदा आहे. उशिरा मिळणाऱ्या पैशांबाबत पहिला कायदा १९९३ सालचा. त्याच्या जागी २००६ साली सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा आला. नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाकडून माल घेतला तर लेखी करार नसल्यास पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. दाद मागण्यासाठी राज्यात सुविधा परिषदा आहेत. २०२३ साली आयकराच्या कायद्यातही बदल झाला. अशा लहान उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ती रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या आपल्या कारखानदारांनी 'उद्यम' नोंदणी करून हा हक्क जरूर वापरावा. पण ज्याच्याकडे बिल नाही, नोंदणी नाही आणि माल घेणारा शेटजी एकच आहे, तो घरबसल्या कारागीर परिषदेकडे जाणार नाही. गेला तर पुढल्या आठवड्याचे काम जाईल. त्याच्यासाठी व्यापाऱ्याचा व्यवहार हाच कायदा.

आता व्यापाऱ्याला हे झेपेल काय, हे आकड्यांत पाहू. वरचेच उदाहरण घेऊ. एका दुकानदाराकडे दहा कारागीर आहेत, प्रत्येकाची दर दहा दिवसांनी एक खेप येते, मजुरी चारशे, सूत हजाराचे, आणि माल विकून पैसे हाती यायला साठ दिवस लागतात. दर दहा दिवसांचा माल चौदा हजारांचा. सहा खेपांचा माल दुकानात अडकलेला असतो, म्हणजे चौऱ्याऐंशी हजार. सूत आधी द्यायचे असेल तर मागावर चढलेल्या सुताचे आणखी दहा हजार. चौऱ्याण्णव हजार रोख गुंतवणे लहान दुकानदाराला जड जाईल, हे मान्य. त्यात त्याने गिऱ्हाइकांना महिन्याची उधारी दिली की आणखी बेचाळीस हजार वाढतात. पुष्कळ दुकानांत कारागिराचे जे पैसे थकलेले असतात, ते नीट पाहिले तर या बेचाळीस हजारांतच सापडतात. ओळखीच्या माणसाला 'असू द्या, नंतर द्या' म्हटलेले असते, आणि ते 'नंतर' कारागिराच्या घरी जाऊन पोचते.

सगळे एकदम जमणार नसेल तर मजुरी आणि माल यांची फोड करावी. सूत व्यापाऱ्याकडून नेहमीच्या मुदतीवर घ्यावे. तो भांडवलवाला आहे, तो थांबू शकतो. मजुरी मात्र माल तपासताच रोख द्यावी. मग दहा कारागिरांसाठी सहा खेपांची मजुरी म्हणजे चोवीस हजार रुपये एवढेच वेगळे काढून ठेवावे लागतात. खातेवहीत दोन रकाने नवे आखावेत : माल आल्याची तारीख आणि मजुरी दिल्याची तारीख. दोन्ही रकान्यांत किती दिवसांचे अंतर पडते ते महिनाअखेरीस पाहावे. एका बाजारातील तिघा दुकानदारांनी भागीदारीत हा निधी उभा केला आणि कारागीरही वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ हजार येतात.